छाट

मी चेकर होतो. हे आधी सांगतो,
म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला फार भला समजणार नाही.
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
बायकांनी आणलेल्या विड्या उजेडात धरल्या,
चिमटीत फिरवल्या
आणि हजारामागे शंभर तरी सुपाबाहेर फेकल्या.
तोंड सैल, पान फाटकं, दोरा तिरका.
छाट.
एवढाच शब्द. त्याच्यावर अपील नव्हतं.

सत्तम्मा बोद्दुल भांडायची नाही.
छाट पदरात घ्यायची,
कातरणाचं गाठोडं डोक्यावर ठेवायची
(ते कशाला, मी कधी विचारलं नाही)
आणि कुंभारीच्या घरकुलाकडे चालू लागायची,
मे महिन्यात, दुपारी तीनला.
त्या रस्त्याला सावली म्हणजे विजेच्या खांबाची,
काठीएवढी.
तिच्यात बायका एकीमागे एक उभ्या राहायच्या,
दम खायच्या, मग पुढचा खांब.

गाठोड्याचं मला रिटायर झाल्यावर कळलं.
तेंदूच्या पानाचे ते उरलेले तुकडे
ती ओल्या पोत्यात मऊ करायची,
चार-पाच एकावर एक ठेवून सुरळी वळायची,
बुडाला दुमड, कमरेला दोरा,
अगदी विडीसारखी, फक्त मुठीएवढी,
आणि जर्द्याच्या जागी माती नि एक निंबोळी.
बोटांना दुसरं काही येतच नाही, म्हणाली.

पाणी चार दिवसांआड, तेही रात्री दोनला.
झाडासाठी घागर कुणाकडे मागणार?
तिने मागितली नाही.
पानं भिजवून उरलेलं तपकिरी पाणी,
जे घराघरातून गटारात जायचं,
ते ती किटलीतून नेऊ लागली.
मग शेजारची रेणव्वा.
मग गड्डमांची सून, मग पलीकडच्या गल्लीतली शबाना.
कारखान्याच्या वाटेवर हातात डालड्याचा डबा,
सलाईनची बाटली, एकीच्या हातात तर पोराची शाळेची.
एका पॉवरलूमवाल्याने चादरीच्या किनारी दिल्या,
लाल-हिरव्या, काट्यांचं कुंपण बांधायला.
तेव्हापासून आमच्या रस्त्यावरच्या कडुनिंबांना
सोलापुरी काठ आहे.

एकदा शेळ्यांनी बासष्ट रोपं खाल्ली.
ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी शेळीवाल्याकडे गेली
आणि लेंडीखत मागितलं.

मग एका सकाळी माझ्या दारात.
"चेकरसाब, चला. लेक्क पेट्टंडि."
मोजायला चला.
ती अजून कट्ट्यानेच मोजते, पंचवीसचा एक.
मी वही घेतली, पेन घेतलं.
कडुनिंब, करंज, शिरीष, पुन्हा कडुनिंब.
चाळीस कट्टे भरले आणि वर सात.
हजार.
विड्यांचा एक दिवस. झाडांची अकरा वर्षं.
हे मी तिला बोललो नाही, तिला आधीच माहीत असणार.
वाळलेल्या रोपांपुढे मात्र सवयीने
फुली मारत गेलो. छाट. छाट.

शेवटच्या वळणावर एक दांडका रोवलेला.
रस्तारुंदीत तोडलेल्या वडाची फांदी,
ना पान, ना मूळ,
वरच्या टोकाला शेण थापलेलं.
म्हटलं, हे कसलं झाड, छाट आहे ही.
"हो," ती म्हणाली. "कृषी कॉलेजचा पोरगा पण तेच म्हणाला.
छाट कलम."

वाटलं, टोमणा मारते आहे. बत्तीस वर्षांचा.
पण ती ओणवी होऊन नखाने
सालीवरचा एक तांबडा ठिपका दाखवत होती,
काडीच्या गुलाएवढा.
मी चष्मा पुसला.
उजेडात धरायला ते हातात घेता येईना,
म्हणून मीच उठून उजेडाच्या बाजूला गेलो
आणि मातीत बसलो.

वहीत त्या ओळीपुढे अजून काही लिहिलेलं नाही.
किटली तिच्याकडून मी मागून घेतली.
जड होती. भिजल्या पानांचा वास,
तोच, बत्तीस वर्षांचा.