नादकाटा

कोपरीच्या पुलावर डाव्या पायातली चप्पल गळाली,
मला कळलंच नाही.
मागून एक पोरगा ओरडत आला, "काकू, तुमची!"
मी ती हातात घेऊन उभी,
दुसऱ्या कुणाची असावी तशी बघत.

घरात तर फरशीच कापसाची.
तोंडाला साबण लावून डोळे मिटले
की बेसिन सरकतं.
दिवे गेले की पायही जातात.

नौपाड्यातल्या देवस्थळीबाईंनी नादकाटा
तळहातावर आपटला, घोट्यावर टेकवला.
"थरथर थांबली की सांगा."
सुरूच कुठे झाली होती?
कपाळावर ठेवला, तेव्हा सगळं डोकं वाजलं.

मग रक्ताचा कागद. एक आकडा, चिल्लर.
वीस वर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी, कोरा चहा, वरणभात.
उपाशी कधीच नव्हते हो मी.
"तुम्ही नव्हता," त्या म्हणाल्या,
"कण्यातली दोरी होती."

आता एक दिवसाआड इंजेक्शन, लाल,
कोकमाच्या आगळासारखं.
किती परत येईल ते त्या सांगत नाहीत,
मीही विचारत नाही.

काल पहाटे ओट्यापाशी
उजव्या अंगठ्याखाली काहीतरी टोचलं.
तांदळाचा दाणा.
उचलला नाही.
पुन्हा पाय ठेवला त्याच्यावर.