उभ्याचं भाडं

पोकलेन, वीस टनी, एक.
क्रेन, सहाशे टनी, साखळीवर चालणारी, एक;
ती सुटी करून सतरा ट्रेलरांवरून आणली.
सामुद्रधुनीतून फेरीबोट तीनदा माघारी फिरली,
त्या माघारी फिरण्याचंही भाडं लागलं.
चालत्याचा दर वेगळा, उभ्याचा वेगळा.
नुसतं उभं राहणं फुकट असतं
असं इथे कुणी समजू नये.

मी नेलिदा मान्सिया. यार्डाची वही माझ्याकडे.
तिएरा देल फुएगोच्या या काठावर
वाऱ्याची वीज, विजेचा कसलासा वायू,
आणि तो जहाजात भरून दूरच्या कुठल्या देशाला,
असा कारखाना बांधतायत.
वाऱ्यासाठी आले सगळे
आणि वाऱ्यापायीच खोळंबलेत.
सेकंदाला नऊ मीटरच्या वर गेला
की पातं उचलायचं नाही.
मी वहीत लिहिते : वारा.
सकाळी वारा. दुपारी वारा.
त्या एका शब्दावर सांतियागोचं ऑफिस पैसे पाठवतं.
इथे दुसरं काही घडत असेल
असं त्यांना वाटत नसावं.

जुलैत जमिनीचा दगड होतो.
बुधवारी दोन्या दोमितिला फाटकाशी आली,
पाकिटात नोटा, इस्त्री केल्यासारख्या.
"ते पिवळं यंत्र अर्ध्या तासाला किती?"
मी दरपत्रक पुढे केलं :
किमान चार तास,
शिवाय ने-आण, शिवाय विमा, शिवाय चालक.
चष्मा लावून तिनं ते शेवटपर्यंत वाचलं.
(इंजिनिअरसुद्धा वाचत नाहीत.)
मग म्हणाली, "आन्सेल्मोला चार तास नको गं.
एवढी जागा तो कधी अडवून बसला नाही.
पोरांनी काल कुदळी मारून पाहिल्या.
वीतभर गेलं नाही खाली, दांडा मोडला."

आन्सेल्मो.
माझ्या बापाच्या शेजारी वाकून
दिवसाला दीडशे मेंढ्या कातरणारा.
त्याला कुणी तासमीटर बसवला नव्हता;
गुडघे गेले तेव्हा कळलं
किती भरले ते.

एलिएसेर काही बोलला नाही.
मातेचा भोपळा त्यानं खाली ठेवला, नळी तशीच आत,
आणि चावीसाठी हात पुढे केला.
दफनभूमी दोन किलोमीटर.
साखळ्यांवरून पाऊण तास.
पोरं पुढे चालली, दोमितिला मागे,
मधे पोकलेन, मान खाली घालून.

त्या दिवशी पान हललं नाही.
म्हणजे झाडं नाहीतच इथे, पण असती तर.
धुराड्यांतला धूर सरळ वर.
दूर क्रेननं एकामागून एक तीन पाती चढवली,
वर्षातून चार दिवस मिळतात असे.
आणि मी पोकलेनच्या पानावर लिहिलं : वारा.
पोकलेनला वारा अडवत नाही,
हे साइटवरच्या शेंबड्या पोरालाही कळतं.
पण दुसरा शब्द
त्या रकान्यात कधी लिहिलाच नव्हता.

संध्याकाळी पेपरवेटखाली नोटा सापडल्या.
अर्ध्या तासाच्या,
तिच्या हिशेबानं अगदी बरोबर.
त्या अजून खणात आहेत.
बादलीच्या दातांत गोठलेली माती
एलिएसेरनं खरवडली नाही.
दुसऱ्या दिवशी अकराव्या पवनचक्कीच्या पायात
ती उतरली असेल. मी विचारलं नाही.

सोमवारी सांतियागोचा फोन. पहिल्यांदाच.
नवा मुलगा, आवाजावरून पंचविशीतला.
"बुधवारी आमच्या नोंदीत वारा शून्य आहे, बाई."
मी म्हटलं, "कुठे उभं राहून मोजलात?"
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग कागद उलटल्याचा आवाज.

बिल पास झालं.
उभ्याच्या दरानं.