पासंग

जाळी शिवायच्या शेडवरची माडी आमची,
चार खुर्च्या, त्यातली एक रिकामी.
क्लाक्सविकच्या बंदरात उतरलेली मासळी
किती भरली, कुणाची, कोणत्या भावाने,
एवढंच सांगतं आमचं सॉफ्टवेअर.
जगाचं त्याविना काही अडत नाही.
एकोणतीस बोटींचं अडतं.

जाहिरात मी लिहिली. कुठूनही काम करा.
लिहिताना वाटलं होतं, कुठूनही म्हणजे
फार तर पलीकडच्या बेटावरून.
अर्ज आले त्र्याहत्तर.
लागोस, क्राकोव्ह, कोचाबाम्बा.
एकाने पत्त्याच्या जागी लिहिलं होतं : सध्या ट्रेनमध्ये.

ब्रांडुर म्हणाला, परीक्षा घेऊ.
आमच्याच कोडचा एक तुकडा काढून दिला,
दीडशे ओळी, हॉगनीच्या हातच्या.
हॉगनी आता कोपनहेगनला, बँकेत.
जाताना दार असं आपटलं
की भरती-ओहोटीचं कॅलेंडर खाली आलं.
फोन उचलत नाही. मीही करायची थांबले.

बहात्तर जणांनी कोड नीट केला.
चकचकीत केला. काहींनी इतका
की मला आमचीच लाज वाटली.
आणि बहात्तर जणांनी एकशेबारावी ओळ पुसली,
वजनातून उगाचच काहीतरी वजा करणारी,
ना कारण, ना टीप,
दारात पायात येणाऱ्या चपलेसारखी.
मीसुद्धा पुसली असती.

उरली शोघिक, ग्युम्रीची.
पदवी नाही, सहा वर्षं औषधाच्या दुकानात हिशेब.
इतरांच्या पासंगालाही पुरणार नाही ही,
ब्रांडुर म्हणाला होता अर्ज उघडताना.

आमच्याकडे दुपारचा एक,
तिच्याकडे संध्याकाळचे पाच,
दोन्हीकडे दिवे लावलेले.
तिच्यामागे काळ्या दगडाची भिंत, खिडकीत बर्फ.
मध्येच तिकडची लाइट गेली.
अंधारातून आवाज आला :
मी आहे. बोला.

ती ओळ का ठेवलीत?

म्हणाली, चूक इतकी सारखी नसते.
लिहिणाऱ्याला घाई नव्हती.
माझे आजोबा जर्दाळू विकायचे,
तराजूच्या एका पारड्याखाली
सुतळीने खडा बांधलेला असायचा.
गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारा फसवतोय.
खडा सोडला असता, तर फसवणूक झाली असती.

मग तिनेच विचारलं :
तुमचा काटा ठेवलेला कशावर असतो?

बोटीवर.

मग हलत असेल, ती म्हणाली.

समुद्र तिने पाहिलेला नाही.
तिच्या देशाच्या वाट्याला तो आलेलाच नाही.
ब्रांडुरने चष्मा काढला, पुसला,
पुसलेलाच पुन्हा पुसला.

पगाराचं बोलणं काही धड झालं नाही.
तिने आकडा सांगितला, मी त्याहून कमी बोलले,
माझा चेहरा बघून ती आणखी खाली आली,
मग मलाच वर जावं लागलं.
शेवटी दोघी हसलो, थोडं उशिरा,
आवाज पोचायला लागतो तेवढा वेळ घेऊन.

तिची अट एकच :
काट्याजवळचा तासभराचा आवाज पाठवा.
हललेलं मला दिसणार नाही, ऐकू तरी येईल.

शनिवारी मी ‘टेर्ना’वर चढले.
काट्याच्या पोटाखाली फोन टेपने चिकटवला
आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा
त्या बोटीवर नुसती बसले.
साखळी वाजत होती. कुठेतरी बादली
एकदा इकडे, एकदा तिकडे.

सोमवारी तिचा निरोप :
एकतिसाव्या मिनिटाला कुणीतरी शिंकलं, काळजी घ्या.
ओळ एकशेबारा बरोबर आहे.
हिवाळ्यात मात्र थोडी कमी पडते.

तसंच्या तसं हॉगनीला पाठवलं.

उत्तर नाही.
दोन खुणा निळ्या झाल्या, तेवढंच.