बेंबीपासून दोन बोटं

फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात
ते पेन झोपून असतं दिवसभर.
उन्मेषनं मुद्दाम नाही ठेवलं तिथे,
तेवढीच जागा रिकामी होती.
पहिल्या दिवशी हसलो दोघं.
आता अंडी काढताना हात जपून जातो.

शेजारी आठच्या बातम्या लागल्या की
तो कोपरापर्यंत हात धुतो.
आधी मोसंबीवर सराव केलेला माणूस.
मोसंबीला दुखत नव्हतं, म्हणतो,
आणि टोचताना डोळे तोच मिटतो.

वाशीच्या दवाखान्यात बिन्सी सिस्टरनं सांगितलं होतं:
बेंबीपासून दोन बोटं लांब,
आज उजवी, उद्या डावी, नंतर चोळायचं नाही.
बाकीचं छापील कागदावर होतं.
'सौम्य त्रास संभवतो.'

सौम्य म्हणजे
परकराची गाठ कुठे मारावी, हा प्रश्न.
पुढून बाजूला नेली, बाजूहून मागे,
शेवटी त्याची जुनी ट्रॅकपँट, गुडघ्याला भोक असलेली.
पोटावर जांभळं सांडल्यासारखे डाग,
एक हिरवट पडलेला, एक पिवळा, एक कालचा.
शिंक आली तरी आधी पोट धरायचं, मग नाक.
आणि वॉर्ड ऑफिसात, मालमत्ता कराच्या खिडकीशी
एका आजोबांनी विचारलं, "पावती मिळेल ना, बाई?"
तर मला रडूच आवरेना.
त्यांनी हळूच बिल मागे ओढलं,
म्हणाले, "उद्या येतो, घाई काही नाही."

उन्मेषशी भांडले ते ओल्या टॉवेलवरून.
टॉवेल कोरडा होता.
तो म्हणाला, हे इंजेक्शन बोलतंय, तू नाहीस.
मग मी कुठे आहे, विचारलं,
तर बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालत बसला,
सकाळी घातलेलं असताना.

सहाव्या दिवशी दुपारी वीज गेली.
सेक्टरची केबल जळाली म्हणे, रात्र होईल.
ऑक्टोबरात फ्रिजलाही घाम फुटला.
पेन रुमालात गुंडाळलं, थर्मास घेतला
आणि चार जिने उतरले,
काठोकाठ भरलेली कळशी न्यावी
तसं स्वतःचंच पोट नेत.

सारसोळ्याची चांगुणामावशी नाक्यावर बसते.
"बर्फ हवाय."
"मासली नको?"
"औषधाला हवाय."
तिनं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्या चालीकडे,
आणि टोपल्यांच्या आड वळून
लुगड्याचा काठ वीतभर सारला.
तेच ठिपके.
साखरेचे, अकरा वर्षांचे,
कातडी तिथे सुकटीसारखी चिवट झालेली.
"मना पन हाय गो बाय.
आदी बरफ लाव, मंग टोच.
आन् श्वास सोरताना. घेताना नाय."
कशासाठी टोचतेस, ते विचारलंच नाही.
गेल्या चार वर्षांत असं न विचारणारी
ही दुसरी बाई. पहिली बहिरी होती.
बर्फाचे पैसे तिनं घेतले नाहीत
म्हणून मी कोलंबी घेतली पावशेर,
वासानं मळमळत असूनही.

आठ वाजता मेणबत्ती लावली.
बर्फाचा खडा डावीकडे, बेंबीपासून दोन बोटं.
थर्मासभर मांदेलीचा वास.
कातडी आधी जळाली, मग बधिर झाली,
मग माझी राहिली नाही, तेव्हा
श्वास सोडला.
"झालं?" उन्मेषनं डोळे मिटूनच विचारलं.
पेन माझ्या हातात होतं,
त्याच्या हातात नुसताच कापूस.
"झालं."

सोमवारी सोनोग्राफी.
डावीकडे किती, उजवीकडे किती,
मिलिमीटरांत मोजतील आणि मोठ्यानं वाचतील.

त्या रात्री कोलंबी त्यानं सोलली,
मेणबत्तीशी वाकून, चष्मा कपाळावर सारून.
चार-दोनांचा धागा काढायचा राहिलाच.
जेवताना दाताखाली वाळू आली.
मी काही बोलले नाही.
इंजेक्शनही नाही.