दोन बोटं कोरी

खडे बाजारात जिन्याखाली माझं दुकान.
बोर्डावर कन्नड वर, मोठं; मराठी खाली,
ताडपत्री सोडली की दिसत नाही.
आधी कॅसेटी होत्या, मग सीड्या, आता बहुतेक झेरॉक्स.
डीव्हीडी मागायला वर्षातून एखादं येतं,
तेव्हा समजायचं, यांच्या घरात अजून
पाठीला कुबड असलेला टीव्ही आहे.

विरूपाक्ष कामकरांनी पेन ड्राइव्ह
पानाच्या चंचीतून काढला.
वडगावात चाळीस वर्षं पॉवरलूमवर.
कान मागाने नेले, दोन्ही.
बोलतात माग चालूच असल्यासारखं:
"पोरीचं लगीन हाय! भाच्यानं खाली अक्षरं घातल्यात!
कोण काय बोल्लं ते वाचायचंय मला!"
लग्न बैलहोंगलचं. निम्मे कन्नडात बोलत होते, निम्मे मराठीत.
कामकरांना दोन्ही सारखंच ऐकू आलं नव्हतं.

चित्र पसरट, टीव्ही चौकोनी.
पहिल्या खेपेला मी चौकोन भरून टाकला.
एकीकडे सनईवाला कापला गेला, दुसरीकडे व्याही,
आणि प्रत्येक वाक्याचं डोकं नि शेपूट.
...गळे आले का हो बसम...
...वण वाढा म्हणावं त्यां...
दुसऱ्या खेपेला कापलं नाही, दाबलं.
अख्खं वऱ्हाड उभट झालं, महिनाभर उपाशी असल्यासारखं.
कामकर हसले. "आमच्यात एवढं उंच कोण न्हाई!"

मग वर-खाली काळी पट्टी सोडली,
अक्षरं खालच्या पट्टीत, पिवळी, ठसठशीत.
माझ्या कॉम्प्युटरवर झकास. पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत ते पायरीवर.
जुना टीव्ही कडा खातो,
चारी बाजूंनी थोडं गिळून मगच दाखवतो,
हे मी विसरलो होतो. माझा धंदा, आणि मी विसरलो होतो.
वहीच्या पानावर त्यांनी उतरवून आणलेलं,
दिसलं तसं:
सगंधा रडतेय.
दध तापलं का.
सनबाई, इकडे बघा.
उकार सगळे गेले होते, ऱ्हस्व काय, दीर्घ काय.
आणि शेवटी, गाडीत बसताना पोरगी काहीतरी म्हणते,
ते दोन ओळींचं.
वरची ओळ: अप्पा, मला
खालची टीव्हीच्या पोटात.

मला ऐकू येतं. मी पेन उचललं, लिहून द्यायला.
त्यांनी हात धरला.
"तू नको. तिथं दिसू दे की."

मग टेबलावर दोन बोटं आडवी ठेवली.
"काठ विणताना वेल टोकापातूर न्हेत न्हाई आमी.
खाली एवढं कोरं सोडतो.
नेसल्यावर तेवढं घासतंय, फॉलात जातंय.
फूल वर पायजे."

स्क्रीनवर मी दोन बोटं मोजली,
त्यांची, माझी नव्हे. त्यांची जाड आहेत.
अक्षरं उचलली. आता ती चित्रावरच आली,
लोकांच्या पायांवर, पंगतीतल्या पत्रावळींवर.
हळदीच्या पिवळ्यात पिवळी बुडायला लागली
म्हणून एकेकाला काळी किनार.
लांब वाक्यं मध्ये मोडली. एका रात्रीत होईल म्हटलेलं,
तीन रात्री गेल्या.

डीव्हीडी घेऊन मीच गेलो वडगावात.
टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, भिंतीपलीकडे
शेजाऱ्याचा माग, खटक खटक, कप सुद्धा थरथरत होता.
सुगंधा आली, उकारासकट. दूध तापलं.
व्याही पूर्ण दिसले, त्यांच्या पोटासकट.
मग गाडी. दार. काचेतून वाकलेली ती.

अप्पा, मला
ऐकू येतंय. हळू बोला.

त्यांनी ओठ हलवत वाचलं, बोट हवेत
अक्षराखालून फिरवत.
मग रिमोट माझ्याकडे दिला: परत.
परत वाचलं.
मग टीव्हीकडेच बघत काहीतरी म्हणाले.
माग चालू होता.
मला ऐकू आलं नाही.