झुकतं माप

कुतायसीच्या मंडईत तिसऱ्या रांगेत माझा ओटा.
मी चीज विकते, सुलगुनी,
पांढरं, खारवलेलं, चावलं की दाताखाली करकरतं.
हाताचा वास सणासुदीलाही जात नाही.

काटा झाझाचा.
तो ग्रीसला गेला तेव्हा नुत्सा चार महिन्यांची.
आधी पैसे यायचे थांबले, मग फोन.
मागे उरलं ते एवढंच: उधारी,
पोर, आणि हा तबकडीवाला जुना काटा.
दवाखान्याची खेप परवडत नसे
तेव्हा मी नुत्सालाही त्यावरच तोललंय,
खाली टॉवेल घालून, मंडई बंद झाल्यावर.

लामारा मावशी म्हणाली, एकट्या बाईनं
झुकतं माप द्यावं. भांडू नये.
गिऱ्हाईक असो, घरमालक असो, झाझाची आई असो,
थोडं वर घालावं, तोंडं गोड राहतात.
मी घालत गेले.
चीज घातलं, हसू घातलं,
चूक नसताना ‘चुकलं माझं’ घातलं.

फेब्रुवारीत मापं तपासणारा सरकारी माणूस आला.
जुंबेर. थंडीनं कान लाल,
पेटीत पितळी वजनं, फलाटीनच्या तुकड्यात
निजवलेली.
माझ्या पोटात गोळा.
मापात पाप निघालं तर दंड कुठून भरू?
त्यानं वजनं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.
चष्मा पुसला.
“काटा खोटा आहे, बाई,” म्हणाला,
“पण तुमच्याच विरुद्ध.”

किलोमागे बेचाळीस ग्रॅम.

त्या रात्री नुत्साच्या गणिताच्या वहीत, मागच्या पानावर,
मी सात वर्षांचा हिशेब मांडला.
रोजचं जवळजवळ अर्धा किलो.
एक टनाहून जास्त चीज
मी या गावाला फुकट खाऊ घातलं होतं.
हातानं वर घातलेलं वेगळंच.
रडू नाही आलं. भूक लागली.
उठले आणि विकायच्या गोळ्यातला तुकडा कापला.
कडेचा नाही,
मधला.

काटा दुरुस्त झाला तशी गिऱ्हाईकं कुरकुरली.
“पूर्वी जास्त यायचं, एतेरी.”
“पूर्वी काटा बिघडलेला होता.”
आवाज थरथरला माझा,
पण किलो किलोच राहिला.
दोघी आठवड्यात परत आल्या.
एक आलीच नाही,
आणि तिच्यावाचूनही मार्च उजाडला.

जुंबेर मात्र येत राहिला.
आधी अर्धा किलो न्यायचा, मग पाव,
म्हणजे लवकर संपावं.

मावशी म्हणाली, तोलामोलाचं नाही गं हे.
तो पगारदार, तू टाकलेली,
वर एक पोर.
त्या ‘वर’पाशी मी अडले.
रात्रभर तो शब्द उशीत टोचत राहिला.
सकाळी, जुंबेरनं काही विचारायच्या आधीच,
मी त्याला सांगून टाकलं:
“नुत्सा पासंग नाही.
तिला धरूनच माझं वजन.
महिनाभर येऊ नका. विचार करा.”

एकतिसाव्या दिवशी आला, पेटी घेऊन.
माझ्याकडे नाही, नुत्साकडे वळला.
तिचा दात पडला होता, मुठीत धरून बसली होती.
त्यानं चिमट्यानं सगळ्यात चिमुकली वजनं काढली,
त्याचा नाजूक काटा ओट्यावर मांडला,
वारा लागू नये म्हणून कोटाचा आडोसा केला.
तीनशे ऐंशी मिलिग्रॅम.
कागदावर शाईनं लिहून दिलं, वर शिक्काही मारला.
दात पुढे हरवला.
कागद अजून तिच्या उशाखाली आहे.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही नाही.
रविवारी जेवायला ये म्हटलं, इतकंच.
त्यानं येताना लिंबं आणली, का कोण जाणे.
मी खाचापुरी भाजली, तिघांत कापली.
सुरी जरा तिरकी गेली,
एक तुकडा मोठा निघाला.

तो मी माझ्या ताटात घेतला.

जुंबेर लिंबं चिरत होता.
नुत्सानं पाहिलं,
आणि आपला तुकडा खायला लागली.