तसाच, पण जरा गडद

वहीत माझा नंबर चौदा.
पुस्तक एकच,
ते सध्या येळ्ळूरच्या बिर्जे मास्तरांकडे,
आणि मास्तर, हुक्केरीबाई सांगतात,
ओळीखाली पट्टी धरून वाचतात.

माणशी पंधरा दिवस.
मी तिथंच बोटांवर मोजलं:
माझ्या हाती येईतो
गणपती बसून उठलेले असतील.

"तोवर हे न्या की," बाई म्हणाल्या,
"तसंच आहे."

तसंच!
बाई, हा शब्द मला नका सांगू.
शहापूरच्या दुकानात सव्वीस वर्षं
गादीवर मांडी घालून
मी हाच शब्द विकतोय.
गिऱ्हाईक बोट करतं काचेतल्या बाहुलीकडं,
ती साडी विकलेली असते,
किंवा त्या रंगाचा माल संपलेला,
आणि मी दुसरी घडी झटकून उलगडतो:
तसाच आहे, वैनी, जरा गडद.
अदरांग ऐति, नोडरी अक्का.
दोन्ही भाषांतल्या बायका मग
एकाच नजरेनं बघतात माझ्याकडं.

त्या नजरेनं मी बाईंकडं बघितलं.

त्या रागावल्या नाहीत.
"त्यात नक्की काय पाहिजे तुम्हाला?"

काय सांगणार?
लग्नाचा बस्ता काढायला दोघी जावा आल्या होत्या,
नऊवारीच्या ढिगावर कोपर टेकून
त्या पुस्तकावरून भांडल्या.
एक म्हणाली, तिनं परत जायला नको होतं.
दुसरी म्हणाली, जाईल नाहीतर काय करील.
कोण ती, कुठं परत, मला काहीच कळलं नाही.
साडी न घेताच गेल्या.
सगळा ढीग एकट्यानं घड्या घालताना
मला तेवढंच पाहिजे झालं:
ती गेली ते बरं केलं का.

बाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या,
तीन पुस्तकं काढली, पदरानं पुसली.

पहिल्यात एक बाई परत जाते.
दुसऱ्यातली जात नाही.
तिसऱ्यात घाटात बस बंद पडते
आणि ठरवायचंच राहून जातं.

वाचली. जेवणाच्या सुट्टीत,
गठ्ठ्यांच्या मागं, डब्याच्या वासात,
पानावर एकदा लोणच्याचं तेल सांडलं,
खडू घासून काढलं, तरी डाग राहिला.
(बाईंनी दहा रुपये घेतले.)

"अजून जवळचं पाहिजे," मी म्हटलं,
हट्टी गिऱ्हाइकासारखा.

"जवळचं आहे. पण कन्नडात."

आता कन्नड मी दिवसभर विकतो,
भाव, सूट, काठ, पदर, रंग जाणार नाही याची हमी,
सगळं कन्नडात.
वाचत मात्र नाही.
वाचतो फक्त बसच्या पाट्या.

तरी नेलं.
दुकानातली लाकडी पट्टी धरली ओळीखाली,
बिर्जे मास्तरांची क्षमा मागितली मनात.
गोकाकचा ग ओळखीचा निघाला,
सौंदत्तीचा स, बैलहोंगलचा ब,
बाकीची अक्षरं मालकांच्या नातीकडून,
ती दुसरीत आहे आणि फार हसते.
आठ दिवसांत चार पानं.
ग ला स, स ला ब जोडत जोडत
एक बाई दाराशी आली,
कडीवर हात ठेवून उभी राहिली.

पुढचं पान जोडाक्षरांनी भरलेलं आहे.

आणि परवा वाचनालयातून निरोप:
मधल्या चौघांनी नाव काढलं,
मास्तरांनी पट्टी बाजूला ठेवून धावत वाचलं म्हणे,
तुमचं पुस्तक आलंय.

टेबलावर होतं.
कोपरे मऊ झालेले, कव्हर मेणचट,
मधेच कुणाचं तरी तिकीट, खानापूर ते बेळगाव.
हातात घेतलं. जड नव्हतं.

पंधरा नंबर कोण आहे, मी विचारलं.
कावळे डॉक्टरांच्या सासूबाई.
त्यांना द्या आधी.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
ती नजर मला पाठ आहे.

माझी अजून दाराशीच उभी आहे, म्हटलं,
हे तेवढं
आणखी पंधरा दिवस वाढवून द्या.